गिलावा ठरवण्याआधी भिंत ठोकून बघा

एका वाचकाचा प्रश्न आला आहे, तो थोडक्यात असा. दहिसर गावठाणात त्यांचं आजोबांच्या वेळचं घर आहे. तळमजल्याच्या भिंती दीड विटेच्या, चुन्यात बांधलेल्या. वरचा मजला बराच नंतर चढवलेला: आरसीसीचे कॉलम-बीम आणि मध्ये सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक. खाली दहाएक वर्षांपूर्वी आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर केलं होतं. आता कमरेपर्यंत रंगाचे पोपडे निघतात आणि पांढरी पूड झडते. वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या भिंतीतून दर पावसाळ्यात ओल येते. आता सगळं एकदाच उरकायचं आहे. ठेकेदार म्हणतो, बाहेरून सिमेंट आणि त्यावर टेक्स्चर, आतून सगळीकडे जिप्सम. चुलतभाऊ म्हणतो, सगळीकडे चुनाच करा, सिमेंटने घराची वाट लागते. कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही थोडं थोडं ऐका. तुमच्या एका घरात दोन वेगळ्या जातीच्या भिंती आहेत. त्या दोन्हींना एकच गिलावा चालेल असं धरून चालल्यामुळेच खालची भिंत आज अशी झाली आहे. मागची भिंत कशाची आहे आणि तिच्यात पाणी कुठून शिरतं, हे कळल्याशिवाय फिनिशचा विषय काढायचाच नाही. आणि गिलावा भिंतीपेक्षा मऊ असावा, कधीही कडक नसावा. नाकापेक्षा मोती जड झाला की फाटतं ते नाक. चुन्यातल्या विटांवर 1:4 चं, म्हणजे एक सिमेंट चार रेतीचं प्लास्टर मारलं की नेमकं तेच होतं. गिलावा ठणठणीत राहतो आणि मागची वीट भुगा होत जाते. तुमच्याकडे खालचं प्लास्टर काढायला घ्याल तेव्हा बघा, त्याच्या पाठीला विटेची कातडी चिकटून येईल.

आधी खालची भिंत. तुमच्या घराच्या जोत्यात ओलरोधक थर असण्याची शक्यता कमी. त्या काळी गावठाणातल्या घरांना तो फारसा घालत नसत. जमिनीतली ओल विटेतून आणि चुन्यातून वर चढते, हे तेव्हाही होतं. पण भिंतीवर चुन्याचाच गिलावा आणि वर सफेदी असायची. ओल फूट-दीड फूट चढायची आणि बाहेरच्या बाहेर सुकून जायची. दिवाळीआधी सफेदी काढली की वर्ष निघायचं. सिमेंट प्लास्टर आणि त्यावर प्लास्टिक पेंट आला की सुकायची वाट बंद होते. मग पाणी आणखी वर चढतं आणि जिथे वाट सापडते तिथे बाहेर पडतं. येताना विटेतले, मातीतले क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक रंगाच्या मागे फुगतात आणि पोपडा ढकलून देतात. तुमची पांढरी पूड ती हीच. आपण तिला लोणा लागला म्हणतो.

यात गावठाणांची म्हणून एक वेगळी भानगड आहे. गल्लीत दर काही वर्षांनी नवीन काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक पडतात आणि ते जुन्या थरावरच पडतात. गल्ली वर येत जाते, घर होतं तिथेच राहतं. कित्येक घरांची जोती आज रस्त्याच्या पातळीला किंवा त्याखाली गेलेली आहेत. तुमच्या घराबाहेर उभे राहून बघा, दाराची पहिली पायरी अजून दिसते का? नसेल दिसत, तर पावसाळ्याचे चार महिने तुमची भिंत पाण्यात पाय सोडून बसलेली असते, आणि कोणताही गिलावा तिला वाचवू शकणार नाही. म्हणून पहिला खर्च प्लास्टरवर करूच नका. भिंतीला लागून तुमच्या हद्दीत जे काँक्रीट असेल ते 6 ते 9 इंच रुंदीत कापून काढा. जोत्याच्या खालपर्यंत चर घ्या, त्यात जाड खडी भरा आणि चराचं पाणी गटाराकडे जाईल असा उतार द्या. कुठे गल्ली तुमची नसेल तिथे किमान भिंतीच्या पायाशी पक्का वाटा, म्हणजे कोपऱ्यात मालाची उतरती गोलाई, करून पाणी भिंतीपासून लांब ढकला. हे काम दिसत नाही, त्यामुळे कोटेशनमध्येही नसतं.

त्यानंतर खालचं सिमेंट प्लास्टर काढायचं. ओलीची रेषा जिथे संपते तिच्या वर किमान फूटभर, आणि जमत असेल तर पूर्ण भिंतीचं. ब्रेकर लावू देऊ नका, छिन्नी-हातोडीने, हळू. ब्रेकरने तासाभराचं काम दहा मिनिटांत होतं आणि अर्ध्या विटा खिळखिळ्या होतात. सांध्यांतला भुसभुशीत झालेला चुना पाऊण इंच खोल खरवडून काढा. क्षार कोरड्या ब्रशने झाडा, खाली प्लास्टिक अंथरून पूड गोळा करा आणि घराबाहेर टाका. पाण्याने धुवायचा मोह होईल, पण धुतलेत तर क्षार पुन्हा भिंतीतच मुरतील. मग भिंत उघडी ठेवा. दसऱ्यानंतर काढलीत तर डिसेंबरपर्यंत ती बऱ्यापैकी सुकते. घरातल्या लोकांना उघड्या विटा बघवत नाहीत आणि पाहुण्यांसमोर लाज वाटते, हे मला माहीत आहे. तरी थांबा. या कामात सगळ्यांत स्वस्त वस्तू म्हणजे हे थांबणं, आणि तेच कोणी करत नाही.

सुकली की नाही हे कसं बघायचं? फूटभर चौरस प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीवर पक्का चिकटवा आणि दिवसभर ठेवा. काढताना त्याच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी अजून आतून येतंय.

मग चुना. इथे तुमच्या चुलतभावाचं बरोबर आहे. एक भाग मुरवलेला चुना, एक भाग सुरखी म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटेची चाळलेली भुकटी आणि दोन भाग रेती, असं साधं प्रमाण बाहेरच्या भिंतीला चालतं. सुरखी कशाला, तर नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो आणि मुंबईच्या दमट हवेत त्याला फारच वेळ लागतो. सुरखीमुळे तो पाण्यातही धरतो. एका वेळी 10 ते 12 मिलिमीटरपेक्षा जाड थर नको. दोन थर द्या, मध्ये आठवडाभर तरी जाऊ द्या. पहिल्या थराला नखाने दाबलं की ओरखडा उठतो पण खड्डा पडत नाही, तेव्हा दुसरा चढवायचा. उन्हात तडतडू नये म्हणून गोणपाट लावून ओलसर ठेवा. गूळ, बेलफळ, मेथीचं पाणी यांबद्दल तुम्हाला खूप व्हिडिओ सापडतील. ते घालतात हे खरं, त्याने काही फायदे होतात हेही खरं, पण चुना नीट मुरलेला नसेल तर त्याला कितीही गूळ खाऊ घाला, गिलाव्यावर महिन्या-दोन महिन्यांनी फोड येणारच. न विझलेला कण आत राहिला की तो नंतर पाणी घेतो, फुगतो आणि वरचा तुकडा उडवतो. मध्यभागी पांढरा ठिपका असलेला छोटा खड्डा दिसतो. म्हणून चुना विझवून, चाळून, किमान दोन आठवडे पाण्याखाली ठेवलेलाच वापरा. शंका असेल तर चमचाभर बोटांत चोळून बघा, कण लागता कामा नये.

अडचण आहे ती चुन्याच्या गवंड्याची. फोर्टातल्या जुन्या इमारतींच्या डागडुजीवर काम केलेले कारागीर आहेत, पण ते मोकळे मिळणं कठीण आणि दहिसरपर्यंत एका घरासाठी येतील असंही नाही. नेहमीचा मिस्त्री असेल तर मी तडजोड अशी करतो: जमिनीपासून तीन-साडेतीन फूट शुद्ध चुना-सुरखी, कारण खरं दुखणं तिथेच आहे, त्याच्या वर एक सिमेंट, दोन चुना, नऊ रेती. हे मिश्रण मिस्त्रीच्या हाताला ओळखीचं वाटतं, थापीखाली लोण्यासारखं पसरतं आणि जुन्या भिंतीवर जबरदस्ती करत नाही. मिस्त्री दोन पोती सिमेंट जास्त टाकून मजबूत करून देतो म्हणेल. मोठ्या मनाने म्हणेल, तरी हात जोडून नको म्हणा.

आतून तळमजल्यालाही हाच हिशोब. वर हवं तर नीरूचा, म्हणजे चुन्याच्या बारीक लगद्याचा, पातळ हात घोटून द्या, मऊ आणि सुरेख दिसतो. जिप्सम इथे अजिबात नको. आणि ओलीवर उपाय म्हणून खालून तीन फूट टाइल लावायचा सल्ला कोणी दिला तर तोही नको. टाइलमागे ओल कोंडते आणि टाइलच्या वरच्या कडेला बाहेर पडते. म्हणजे आज कमरेपर्यंत आहे ती उद्या खांद्यापर्यंत. रंग चुन्याचाच द्या, नाहीतर वाफ बाहेर जाऊ देणारा खनिज रंग मिळतो तो.

आता वरचा मजला. इथे चुलतभावाला बाजूला ठेवा. सिपोरेक्सवर आणि काँक्रीटवर शुद्ध चुन्याचं काही काम नाही.

ओल नक्की प्लास्टरमधूनच येते का, हे आधी बघा. मुंबईत नैर्ऋत्येकडून वारा घेऊन येणारा पाऊस भिंतीवर आडवा आपटतो. एकट्या जुलै महिन्यात सांताक्रूझला सरासरी 800 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. तरीही साबूत प्लास्टरच्या पोटातून पाणी आरपार आत आलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. पाणी येतं ते खिडकीच्या चौकटीच्या कडेने, उतार नसलेल्या सिलवरून, छज्जा भिंतीला मिळतो त्या कोपऱ्यातून, पॅरापेटच्या माथ्यावरून, एसीचा पाइप घातलेल्या भोकातून, आणि बीमच्या तळाला ब्लॉक भिडतात त्या आडव्या चिरेतून. कोरड्या दिवशी पाइप घेऊन खालून वर एकेक जागा पंधरा-वीस मिनिटं भिजवा आणि आत माणूस उभा करा. आधी खिडकीचा खालचा भाग, मग कडा, मग छज्जा, मग पॅरापेट. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. छज्जाच्या माथ्यावर बाहेरच्या बाजूला उतार द्या, भिंतीशी वाटा करा आणि खालच्या कडेला पाणी तोडायची खाच ठेवा. ती बोटभर रुंदीची खाच नसेल तर पाणी छज्जाच्या पोटाला चिकटून सरळ भिंतीपर्यंत येतं.

त्याच फेरीत कॉलम-बीमवर लाकडी दांडक्याने टकटक करत जा. नीट चिकटलेलं प्लास्टर टणक बोलतं, सुटलेलं बद्द वाजतं. पोकळ आवाज आणि त्यावर सळईच्या रेषेत उभी चीर, त्यातून तपकिरी डाग, असं दिसलं तर प्लास्टरची चर्चा थांबवा. ती सळई गंजून फुगते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. आपल्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. त्यावर नवीन प्लास्टर मारणं म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तेवढंच जास्त वजन खाली पाडायची सोय. 20 मिलिमीटरच्या सिमेंट प्लास्टरचं वजन चौरस मीटरला 40 किलोच्या आसपास असतं. ते गल्लीत चालणाऱ्याच्या डोक्यावर पडतं. असं काही दिसलं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, सळ्या साफ करून पॉलिमर मॉर्टरने दुरुस्ती होऊ द्या, मगच पुढे चला.

सिपोरेक्स हा ब्लॉक हलका आणि तहानलेला. कोरडा असला तर प्लास्टरमधलं पाणी शोषून घेतो आणि सिमेंट धरायच्या आधीच मालाला भुकटी करतो. चिंब भिजवला तर नंतर सुकताना आक्रसतो आणि वरच्या प्लास्टरला जाळीदार तडे देतो. म्हणून प्लास्टरच्या आधी पाइपने धुवायचं नाही, नुसता फवारा मारायचा. त्यावर सिमेंट, जाड रेती आणि पॉलिमरच्या पाण्याचा खरखरीत छपका मारून ठेवा, त्याने पकड मिळते. काँक्रीट गुळगुळीत असेल तिथे आधी छिन्नीने टाचे मारा. काँक्रीट आणि ब्लॉक जिथे मिळतात त्या प्रत्येक रेषेवर जाळी लावा, दोन्ही बाजूंना किमान 150 मिलिमीटर जाईल अशी. जाळी खिळ्याने भिंतीला चिकटवून ठोकतात ते चुकीचं. ती प्लास्टरच्या पोटात यायला हवी, म्हणून मागे थोडं अंतर राहू द्या. इलेक्ट्रिकचे पाइप या सगळ्याच्या आधी टाकून घ्या. प्लास्टर झाल्यावर इलेक्ट्रिशियन कटर घेऊन आला की सगळी मेहनत पाण्यात.

वरच्या मजल्याच्या बाहेरच्या प्लास्टरला माझं मत 1:1:6, म्हणजे एक सिमेंट, एक हायड्रेटेड चुन्याची पावडर, सहा रेती. ब्लॉक मऊ आहे, त्याला 1:3 किंवा 1:4 चा कडक थर पेलत नाही. पावसाच्या बाजूला म्हणून लोक सिमेंट वाढवतात आणि नेमके तिथेच तडे येतात, आणि पाणी शिरायला केसाएवढी चीर पुरते. दोन थर: पहिला 10-12 मिलिमीटर, त्यावर वेड्यावाकड्या रेघा ओढलेल्या, तीन-चार दिवस पाणी मारल्यावर दुसरा 6-8 मिलिमीटर. पहिल्या थरात पोत्यामागे 125 ग्रॅम पॉलिप्रोपिलीनचा फायबर घाला, आक्रसण्याचे तडे खरोखर कमी होतात. वॉटरप्रूफिंगचं द्रव्य पोत्याला 200 मिली घालतात. घाला, त्याने प्लास्टर पाणी कमी पितं. पण चीर पडली तर ते चीर बुजवत नाही, एवढं लक्षात असू द्या. तयार गोण्यांमधलं पॉलिमर प्लास्टरही इथे चांगलं. महाग पडतं, पण रेतीची कटकट जाते. 40 किलोची गोणी 12 मिलिमीटर जाडीत साधारण 20 चौरस फुटांना पुरते, यावरून तुमचा हिशोब करा.

रेतीची कटकट मात्र खरी आहे. नदीची चांगली रेती आता मुंबईत सहज मिळत नाही. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली रेती येते, आणि प्लास्टरला ती धुतलेली, प्लास्टरसाठीच्या बारीक दाण्याची हवी. काँक्रीटची म्हणून आलेली जाड क्रश सँड चाळून वापरायची आणि चाळताना उरलेली धूळही त्यातच जायची, असं साइटवर सर्रास चालतं. खाडीची रेती कोणी स्वस्तात आणून देतो म्हणाला तर नकोच म्हणा. तिच्यातलं मीठ सळ्यांना खातं आणि भिंतीवर कायम ओलसर डाग ठेवतं. तपासायला काचेची उभी बाटली घ्या, निम्मी रेती, वर चिमूटभर मीठ घातलेलं पाणी, जोरात हलवा आणि तीन तास ठेवून द्या. रेतीच्या वर जो गाळाचा थर बसेल तो रेतीच्या उंचीच्या 8 टक्क्यांवर गेला तर गाडी परत पाठवा. गाडी रिकामी व्हायच्या आधी हे करा, नंतर ड्रायव्हर थांबत नाही.

काम चालू असताना तुम्ही स्वतः दोन गोष्टींवर नजर ठेवलीत तरी पुरे. पहिली म्हणजे मालाची वेळ. सकाळी नऊला दोन पोत्यांचा माल कालवून ठेवतात आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पाणी मारून तोच पुन्हा मऊ करतात. सिमेंटचा माल तासाभरात संपेल तेवढाच कालवायचा. घट्ट झाला की टाकून द्यायचा. दुसरी म्हणजे कोरडी भुकटी. मिस्त्रीने थर जाड मारला किंवा माल पातळ झाला की तो भिंतीवरून ओघळायला लागतो. मग मिस्त्री हाताच्या ओंजळीत कोरडं सिमेंट घेतो, ओल्या प्लास्टरवर झटक्यात उडवतो आणि लगेच रंधा फिरवतो. ओल शोषली जाते, पृष्ठभाग लगेच घट्ट होतो, दिसायलाही छान येतो. वरची मिलिमीटरभर पापडी आता नुसत्या सिमेंटची झालेली असते. ती मागच्या थरापेक्षा जास्त आक्रसते आणि महिन्याभरात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसू लागतात. रंगवाल्याला वाटतं प्लास्टर खराब, प्लास्टरवाल्याला वाटतं रंग खराब. ओंजळ उचलली की तिथेच थांबवा.

पाणी मारणं किमान 7 दिवस. पीपीसी, म्हणजे राख वगैरे मिसळलेलं सिमेंट असेल, आणि हल्ली बहुतेक तेच असतं, तर 10 दिवस. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचं ऊन येतं, तिथे दिवसातून तीनदा. बिगारी संध्याकाळी एकदा पाइप फिरवतो आणि निघून जातो, त्याला पाणी मारणं म्हणत नाहीत.

आता फिनिश, ज्यावरून तुमचा प्रश्न सुरू झाला. बाहेरून माझी निवड सरळ सँडफेस. स्पंजने घासून दाणा वर आणलेला पृष्ठभाग आक्रसताना एकाच मोठ्या रेषेत फाटत नाही, पाण्याचा ओघळ तोडतो आणि पुढे एखादी जागा दुरुस्त करायची वेळ आली तर जोड कळत नाही. मुंबईतल्या बहुतेक इमारतींना हाच का असतो याचं कारण हेच. सिमेंटने घोटून गुळगुळीत केलेली बाहेरची भिंत इथे टिकत नाही. रफकास्ट, म्हणजे खडीचा माल फेकून मारलेला, तोही पावसाला उत्तम, पण सिपोरेक्सवर वजन वाढतं आणि बारीक गल्लीत अंग घासलं की ओरखडे निघतात. ग्रिट वॉशच्या, म्हणजे वरचं सिमेंट धुऊन बारीक खडी उघडी ठेवलेल्या, जुन्या इमारती दादर-माटुंग्यात अजून नीट उभ्या आहेत, रंगाचा खर्च कायमचा वाचतो. पण ते काम येणारे हात आता कमी, आणि एका मजल्याच्या घरासाठी परवडणार नाही.

टेक्स्चरबद्दल लोक मला फार विचारतात. ते दीड-दोन, फार तर तीन मिलिमीटरचं रंगकाम आहे. खालच्या चिरा वर्षभर लपवतं, बुजवत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर खोल खाचांचं टेक्स्चर घेतलंत तर प्रत्येक खाचेत धूळ बसेल, पावसात तिच्यावर शेवाळ चढेल आणि तिसऱ्या वर्षी भिंत काळी-हिरवी दिसेल. फारच हौस असेल तर दारापाशी, छज्जाच्या आडोशाला एखाद्या पट्ट्यावर करा. तळमजल्याच्या चुन्यावर नाहीच, कारण ते सुकण्याची वाट पुन्हा बंद करतं.

आतून वरच्या मजल्यावर जिप्सम हरकत नाही, पण सगळीकडे नाही. मधल्या भिंतींना, पूर्वेकडच्या खोल्यांना उत्तम: ब्लॉकवर थेट लागतं, अर्ध्या तासात बसतं, पाणी मारावं लागत नाही, आक्रसून तडे येत नाहीत आणि कोपरे सुरेख निघतात. पण जिप्सम पाण्यात थोडं थोडं विरघळतं आणि ओल लागली की आधी मऊ पडतं. म्हणून पश्चिमेच्या भिंतीची आतली बाजू, खिडक्यांच्या आतल्या कडा, ओट्याची भिंत आणि बाथरूमला लागून असलेली भिंत, इतक्या जागी आतूनही 1:1:6 आणि वर व्हाइट सिमेंटची पुट्टी. बाथरूमच्या आत टाइलच्या मागे प्लास्टर खरखरीतच सोडा. छताला जिप्समच्या आधी पकड देणारं द्रव्य लागतं. काँक्रीटचं छत तेलकट असतं, ते न लावता मारलं तर चार-सहा महिन्यांत तव्याएवढा तुकडा खाली येतो.

रंगाची घाई करू नका. सिमेंटच्या प्लास्टरला 28 दिवस झाल्यावर, आणि कोरडं झाल्यावरच. वरच्या मजल्याला बाहेरून ताणणारा इलास्टोमेरिक रंग चालेल, कारण ती भिंत आतल्या बाजूने सुकू शकते. हाच रंग कौतुकाने तळमजल्यावर ओढू नका, महिन्याभरात पाण्याचे फुगे येतील.

वेळापत्रक यावरून आपोआप ठरतं. मुंबईतून पाऊस जायची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर, यायची 11 जून. दसऱ्याला चर आणि खालचं प्लास्टर काढणं सुरू करा. भिंत सुकते आहे तोवर वरच्या मजल्याची गळती शोधणं, छज्जे, खिडक्या. नोव्हेंबर-डिसेंबरात वरचं प्लास्टर, जानेवारीत खालचा चुना, फेब्रुवारी-मार्चमध्ये रंग. ठेकेदार मे महिन्याची तारीख देईल, कारण त्याच्या आधी त्याची दोन कामं असतात. मेच्या उन्हात प्लास्टर लाकडासारखं तडकतं आणि जूनच्या पहिल्या सरीत परांची तशीच बांधलेली राहते. मेचीच तारीख असेल तर पुढच्या वर्षी करा.

शेवटी मापाचं, कारण भांडणं तिथेच होतात. प्लास्टरचा ब्रास म्हणजे 100 चौरस फूट आणि रेतीचा ब्रास म्हणजे 100 घनफूट; दोन्ही एकाच कोटेशनमध्ये येतात, तेव्हा कुठला ब्रास ते लिहून घ्या. 12 मिलिमीटर जाडीच्या 1:6 ला ब्रासमागे साधारण पाऊण पोतं सिमेंट लागतं. 20 मिलिमीटरच्या 1:4 ला दीड ते पावणेदोन. ठेकेदाराचा आकडा याच्या फार पुढे गेला तर भिंत ओळंब्यात नाही आणि तो जाडी भरतो आहे, किंवा सिमेंट दुसरीकडे जातं आहे. खिडक्या-दारं वजा करायची की नाही तेही आधी ठरवा. सरकारी मापपद्धतीत अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्याची वजावट नसते. त्याहून मोठं आणि 3 चौरस मीटरपर्यंतचं असेल आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखंच प्लास्टर असेल, तर एकाच बाजूची वजावट होते, कारण चौकटीच्या कडांचं प्लास्टर त्यातच धरलेलं असतं. तुमच्याकडे बाहेर एक आणि आत दुसरं असं असल्यामुळे कडांचं काम कोणत्या दरात, हे करारात एका ओळीत लिहा.